अनुदान आणि मार्चअखेर

जैववैद्यकीय संशोधनासाठी सरकारी योजनांचा तुटवडा नाही. आयसीएमआर आहे, जैवतंत्रज्ञान विभाग आहे, शिवाय २०२३च्या कायद्याने आलेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनही आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी! त्यातले सुमारे ३६,००० कोटी मात्र बिगरसरकारी खिशांतून अपेक्षित. म्हणजे मांडव आमचा, जेवणावळ तुमची. जनतेचा पैसा आहे, हिशेब नको का, असे कुणी विचारेल. हवाच. पण ३७ अंशांवर वाढणाऱ्या पेशींना मार्चअखेर कळत नाही. त्यांना दोन-तीन दिवसांनी ताजे खाद्य लागते. हप्ता रखडला तर त्या मरतात, उपयोगिता प्रमाणपत्र मात्र मुदतीत हवे. मग शेवटच्या पंधरवड्यात मिळेल ते खरेदी होते आणि कागदोपत्री प्रयोगशाळा तुडुंब भरते.