डाग आहे, गळत नाही

नगरच्या सावेडीत घर घ्यायचं म्हटलं की माणूस आधी तपोवन रोडचे नवे फ्लॅट बघतो, भाव ऐकतो आणि मग त्याला जुन्या बंगल्यांचं अचानक प्रेम वाटू लागतं. आम्हालाही वाटलं. प्रोफेसर कॉलनीच्या बाजूला एक बैठा बंगला निघाला. दारात आंबा, आत शहाबादी फरशी. एजंट म्हणाला, "थोडंसं काम निघेल, सर."

मी चपला काढेपर्यंत हिने स्वयंपाकघराची भिंत मनातल्या मनात पाडून टाकली होती. सोबतचे मिस्त्री म्हणाले, "ताई, घर लोड बेअरिंगचं आहे. ही भिंत काढली तर स्लॅब कशावर ठेवायचा?"

"बीम टाका की!"

बीमचा खर्च ऐकल्यावर तीच भिंत हिला बरी दिसू लागली.

मिस्त्री मितभाषी. ठिकठिकाणी हातोडीने ठोकायचे आणि "हं" म्हणायचे. त्या प्रत्येक 'हं'मागे मला हजारांचा आकडा ऐकू येत होता. बैठकीच्या छतावर भलामोठा पिवळा डाग होता. मालक घाईघाईने म्हणाले, "डाग आहे, गळत नाही." मिस्त्रींनी सज्जाखालचा पोपडा नखाने काढला, तर आत तांबूस सळई. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला आतून ढकलत राहतं. वरून कितीही गुळगुळीत प्लास्टर करा, आतला उद्योग थांबत नाही. शिवाय गच्चीचा कोबा उखडून नवा करायचा, नळाची लाइन बदलायची, वायरिंग तर सगळंच. यादी संपली तेव्हा 'हं' म्हणायची पाळी माझी होती.

तसं बांधलेलं मोडून पुन्हा बांधायचं या शहराला नवं नाही. फराहबागेचा पहिला महाल मुर्तझा निजामशहाला पसंत पडला नाही, म्हणून तो पाडून नव्याने उभारला. काम पुरं झालं 1583 मध्ये. अर्थात निजामशहाला बँकेचा हप्ता नव्हता, आणि त्याच्या मिस्त्रींची 'हं' म्हणायची छाती नसणार.

वकिलांनी 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि मिळकत पत्रिका बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका म्हणून बजावलं. जाता जाता हेही सांगितलं की घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते. ती मिळणार असल्याने स्वयंपाकघराचा ओटा कुठे आणि रंग कोणता, यावर माझं मत आता कोणी विचारत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. आम्ही बंगला बघितला तो मे महिन्यात, आणि मे महिन्यात नगरचं कुठलंच छत गळत नाही. जिल्हा पर्जन्यछायेचा, इथला सर्वांत जास्त पाऊस पडतो सप्टेंबरात. वर्षाचे बाकीचे महिने 'डाग आहे, गळत नाही' हे वाक्य अगदी खरं असतं. म्हणून टोकन सप्टेंबरपर्यंत द्यायचं नाही, असं ठरवलंय. मालक नाराज आहेत.

तुम्हीही इकडे जुनं घर बघत असाल तर भर पावसात बघा. मिस्त्री बरोबर न्या. आणि एजंटाने छत्री आणलीच असेल, तर घरात शिरल्यावर तो ती मिटतो का, तेवढं पाहून घ्या.