पाय बघून नवरा

माझं पुस्तक तपकिरी कागदाच्या कव्हरात असतं, त्यामुळे ठाण्यात खोपटच्या आमच्या सोसायटीत मी हल्ली एकनाथी भागवत वाचते असा समज पसरला आहे. मी तो मोडलेला नाही. मान मिळतो, शिवाय लिफ्टमध्ये मेंटेनन्सबद्दल कोणी बोलत नाही. कव्हराच्या आत मात्र कुऱ्हाडवाला वायकिंग असतो, आणि नायिकेच्या अंगात कुठल्याशा देवीच्या रक्ताचा थेंब. दोघं शेकडो पानं एकमेकांवर डाफरतात. पुढे काय होणार हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं.

डॅनिएल जेन्सनची २०२४ सालची 'अ फेट इंक्ड इन ब्लड' भाचीने वाचून माझ्याकडे टाकली. "मावशी, तुला झेपणार नाही," म्हणाली. मी मराठीची एम.ए.! मला नुसतं झेपून चालत नाही, परंपराही शोधावी लागते. ती सापडलीच. रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. ठाण्याला आगगाडी येऊन जेमतेम पंधरा वर्षं झालेली, आणि हा गृहस्थ कादंबरीत विमान उडवतो! तेव्हा कुऱ्हाडवाल्याच्या दंडांवर माझी नजर रेंगाळते तो अद्भुतरम्य कादंबरीचा अभ्यास आहे, हे भाचीला बजावून सांगितलं. ती हसली. हसू दे.

या अभ्यासात मला भेटली स्काडी. आइसलँडच्या स्नॉरी स्टर्लुसनने तेराव्या शतकात लिहिलेल्या एड्डा या पुराणकथांच्या ग्रंथातली ही राक्षसकन्या. देवांनी बापाला मारलं म्हणून चिलखत घालून थेट त्यांच्या दारात गेली. देव घाबरले. म्हणाले, भरपाई म्हणून आमच्यातला एक नवरा निवड, पण फक्त पाय बघून. म्हणजे मुलगी आणून चालायला लावायची आपली रीत, फक्त चालायची पाळी मुलांची! ओळीने उभे ते देव, पडद्याखालून दिसणाऱ्या टाचा, आणि समोर भाला टेकून उभी बाई... मी हा प्रसंग कितीदा मनात रंगवला असेन. आमच्या नात्यातले बरेच पुरुष मी त्या रांगेत उभे केले आणि भेगा बघून नापास केले. दमयंतीनेसुद्धा देव ओळखले ते पाय जमिनीला टेकत नाहीत हे बघून. स्काडीने सर्वांत देखणे पाय निवडले. तिला वाटलं, हा सुंदर बाल्डरच. निघाला समुद्राचा देव न्योर्द, वयस्कर. आणखी एक अट होती, तिला हसवायची. त्यासाठी देवांतल्या खोडकर लोकीने बकरीच्या दाढीला दोरी बांधली. दोरीचं दुसरं टोक कुठे बांधलं, ते इथे छापता येणार नाही.

लग्न टिकलं नाही. डोंगरावर त्याला लांडग्यांच्या ओरडण्याने झोप येईना, समुद्रावर तिला पाखरांच्या कलकलाटाने. दोघांनी तसं सांगितलं आणि ती आपल्या डोंगरावर परत गेली.

माझी आई हर्णेची. लग्न होऊन खोपटच्या एसटी स्टँडमागच्या खोलीत आली. पहाटे पहिली गाडी घरघरायला लागली की अंथरुणात उठून बसायची. समुद्र ऐकू येत नाही म्हणून झोप लागत नाही, असं तिने एकदा सांगितलं. बाबा म्हणाले, होईल सवय. झालीही. बाबा वाईट नव्हते. त्या काळी असंच उत्तर द्यायचं असतं. म्हणून कोणी या कादंबऱ्यांना रिकामटेकड्या बायकांची करमणूक म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यांतला तो उघडा वायकिंग निदान नायिकेला विचारतो, तुला काय हवंय?

मराठीत असलं काही लिहायला कोणी बसणार असेल तर एक विनंती. नायक बाल्डर नको, न्योर्द घ्या. पन्नाशीचा चालेल, पोट सुटलेलं चालेल, पायांना भेगा असल्या तरी मी बोलणार नाही. फक्त सकाळी उठल्यावर त्याने बायकोला विचारावं, झोप लागली का, आणि उत्तर येईपर्यंत पेपर उघडू नये.