आधी ‘जाहिरात’ म्हणा

‘आमच्या घरी हाच मसाला असतो बरं का!’ व्हिडिओतली ताई हसत सांगते आणि बरण्या खपतात. ताई, किती पैसे मिळाले ते सांगू नका. मिळाले का, एवढंच सांगा.

मिळाले असतील तर आनंदच आहे. व्हिडिओ फुकट होत नाही. कॅमेरा, दिवे, एडिटरचा पगार, चार चार दिवसांची मेहनत, सगळ्याला पैसा लागतो. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा हवा तर आधी १००० सबस्क्रायबर जमवा. शिवाय वर्षभरात लोकांनी ४००० तास तुमचे व्हिडिओ पाहायला हवेत, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के निर्मात्याचे. पण ५५ टक्के कशाचे? तोच व्हिडिओ न्यू जर्सीतल्या मराठी घरात पाहिला तर जाहिरातदार जास्त मोजतो, नांदेडला पाहिला तर कमी. मराठीत बोलणाऱ्याचा बहुतेक प्रेक्षक नांदेडचाच असणार. म्हणून घर चालतं ते प्रायोजकावर, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

लाज वाटावी ती लपवण्याची. काही ब्रँड पैसे देतानाच बजावतात, ‘ऑरगॅनिक वाटलं पाहिजे.’ म्हणजे विकत घेतलेलं कौतुक मनापासूनचं वाटलं पाहिजे. याला सरळ मराठीत फसवणूक म्हणतात.

नियम नाहीत असंही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या. जाहिरात असेल तर तसं ठळक सांगा, हॅशटॅगच्या गर्दीत पुरू नका. व्हिडिओ असेल तर पडद्यावर लिहा आणि तोंडानेही बोला. पैशाऐवजी भेटवस्तू, सहल किंवा हॉटेलातला मुक्काम मिळाला असेल तरी सांगा. आणि ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत खुलासा. म्हणजे पंधरा मिनिटं अस्सल मराठीत गप्पा मारून खाली बारीक इंग्रजीत एक शब्द टाकला, की सुटलात असं होत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत.

पण दंडाच्या भीतीने खरं बोलायची वेळ का यावी? मसाला फसला तर आमटी बिघडेल. गुंतवणुकीचं अॅप फसलं तर एखाद्याच्या मुलीच्या शिक्षणाचे पैसे जातात. ते पैसे त्याने कंपनीचं नाव पाहून लावलेले नसतात, ‘दादा सांगतोय’ म्हणून लावलेले असतात.

तेव्हा ताई, दादा, पुढच्या व्हिडिओत कौतुकाच्या आधी दोन वाक्यं मराठीत बोला: ‘ही जाहिरात आहे. मला याचे पैसे मिळाले आहेत.’ आणि प्रेक्षकहो, एवढं सांगणाऱ्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहा. प्रामाणिक माणसाचं घर चालायला हवं.