तीस टक्के अडत

अडत, हमाली, तोलाई हे शब्द भंडाऱ्याच्या माणसाला शिकवावे लागत नाहीत. म्हणूनच इथला एखादा पोट्टा नागपुरातून कॉम्प्युटरची पदवी आणतो, खोलीचं दार लावून गेम तयार करतो आणि मग 'स्टीमवर विकू की नको, ते 30 टक्के कापतात' म्हणून उसासे टाकत बसतो, तेव्हा नवल वाटतं. बापाने तुमसरच्या मार्केटात धान नेलं, तेव्हा ते काय फुकट मोजून मिळालं होतं?

स्टीम हे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं दुकान. 2003 साली निघालं तेव्हा स्वतःच्याच गेमच्या दुरुस्त्या पोचवण्यापुरतं होतं. आज कॉम्प्युटरवर गेम विकत घेणारा बहुतेक जण आधी तिथेच डोकावतो. माल मांडायला 100 डॉलर भरायचे, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास. विक्री 1,000 डॉलरपर्यंत पोचली की ते परत मिळतात. पुढे प्रत्येक नगामागे 30 टक्के. एका गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर 25 आणि पाच कोटींच्या वर 20. ही सवलत 2018 च्या नोव्हेंबरात जाहीर झाली. शंभर एकरवाल्याला अडत कमी, दोन एकरवाल्याला पुरी. ओळखीचं वाटतंय ना?

आता पट्टी बघू. भारतात गेमची किंमत 500 रुपये ठेवली, तर 18 टक्के जीएसटी त्यातच धरलेला असतो. तो गेला की उरले 424. दुकानाचे 127 गेले. हाती 297. अमेरिकेत तोच गेम 10 डॉलरला गेला तर दुकानाचे 3, आणि उरलेल्या 7 वर तिथलं सरकार 15 टक्के कापून घेतं. हातात 5 डॉलर 95 सेंट. कराचा फॉर्म नीट भरला नाही तर 15 च्या जागी 30. शिवाय घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल, तर गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं. तुमचा गेम दीड तासात संपत असेल तर शेवटापर्यंत खेळून, टाळ्या वाजवून, पैसे परत! नियमात बसतं सगळं.

मग दुसरीकडे जावं? जरूर. एपिकचं दुकान 2018 पासून 12 टक्केच घेतं, आणि 2025 च्या जूनपासून तर वर्षाला प्रत्येक गेमच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच घेत नाही. इच डॉट आयओवर दुकानाचा वाटा विकणाराच ठरवतो. शून्य लिहिलं तरी कोणी रागावत नाही. अडत नाही, तोलाई नाही, आणि गिऱ्हाईकही बेताचंच. थेट स्वतःच्या वेबसाइटवर विकणारे स्वाभिमानी वीर भेटले की मी एवढंच विचारतो: युरोपातल्या सत्तावीस देशांचा व्हॅट कोण भरणार, तुमचे काका? कारण 500 रुपये मोजून कॉम्प्युटरचा गेम घेणारे साकोली-लाखनीत कितीसे सापडणार? गिऱ्हाईक जर्मनीत आहे, ब्राझीलमध्ये आहे. त्याच्याकडून पैसे आणून देणारा कोणीतरी लागतोच.

खरं दुखणं टक्क्यांत नाहीच. 2024 मध्ये स्टीमवर 18 हजारांहून जास्त गेम आले, म्हणजे दिवसाला जवळपास पन्नास. धानाला निदान हमीभाव आहे, 2025-26 च्या हंगामात तो क्विंटलमागे 2,369 रुपये होता. केंद्रावर बारदाना संपला तर आमदाराच्या नावाने ओरडता येतं. गेमला हमीभाव नाही. कोणी बघितलाच नाही तर 30 टक्के कशाचे कापणार? शून्याचे?

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' हा गेम आठवा. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी झाली नाही. गेम तगवण्यासाठी सहसंस्थापक श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. 2020 च्या ऑगस्टमध्ये गेम आधी निन्टेन्डोच्या स्विचवर आला आणि ऑक्टोबरात स्टीमवर. जगाने नाव घेतलं, कारण दुकानात मांडण्याआधीच लोकांनी तो पाहिला होता. घर विकून टिकवलेल्या गेमला जी वाट चालावी लागली, ती तुमच्या पहिल्या गेमला चुकेल असं समजू नका.

दुकानदाराची मर्जी हा वेगळाच अध्याय. 2024 च्या मार्चमध्ये शुल्काच्या वादात गुगलने नोकरी, भारत मॅट्रिमोनी यांसारखी अॅप प्ले स्टोअरवरून काढून टाकली. केंद्रीय मंत्र्यांनी डोळे वटारले, अॅप परतली. तुमच्या गेमसाठी कोणता मंत्री डोळे वटारणार? आपल्याकडे मंत्री आणि गेम यांची गाठ वेगळ्या कारणाने पडते. 2025 च्या जुलैत राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी इन्कार केला. त्या महिनाअखेरीस कृषी खातं गेलं आणि मिळालं क्रीडा खातं! पुढच्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तेव्हापासून 'मी गेम बनवतो' म्हटलं की गावात पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे बंद झालं ना आता तुझं?'

तर माझा निकाल असा: स्टीमवर विका, 30 टक्के द्या आणि कुरकुर सोडा. कुरकुर करायचीच असेल तर दुसऱ्या गोष्टीवर करा. गिऱ्हाईक कोण, त्याचा पत्ता काय, हे दुकान तुम्हाला सांगत नाही. हजार नग खपले तरी पुढचा गेम आला की कोणाला कळवायचं, याची यादी तुमच्याकडे नसते. ती यादी पहिल्या दिवसापासून स्वतः करा. गेमच्या पहिल्याच पडद्यावर तुमच्या ईमेल-यादीचा दुवा ठेवा. विक्रीच्या कितीतरी महिने आधी स्टीमवर गेमचं पान उघडा म्हणजे 'पुढे घेईन' म्हणून खूण करणाऱ्यांची विशलिस्ट जमेल, कारण गेम आल्याची खबर दुकान त्याच लोकांना धाडतं. आणि स्टीमचा नेक्स्ट फेस्ट नावाचा डेमोंचा मेळा वर्षातून तीनदा भरतो, पण एका गेमला त्यात एकदाच जाता येतं. डेमो कच्चा असेल तर फेब्रुवारीचा सोडा, जूनचा धरा.