अखंड समालोचन

तुमच्या इमारतीतला तो कदाचित पहिल्या मजल्यावर राहत असेल. आमचा तिसऱ्यावर राहतो, एवढाच काय तो फरक. बाकी लक्षणे सर्वत्र सारखीच. वय विसाच्या आसपास. अंगात कोणत्या तरी संघाचा निळा अथवा पिवळा सदरा आणि त्याच्या पाठीवर दुसऱ्याच माणसाचे नाव. हातात ध्वनिक्षेपकाच्या आकाराची कोणतीही वस्तू, मग तो कंगवा असो, टीव्हीचा रिमोट असो की अर्धवट खाल्लेले कणीस असो. आणि मुखाने, डोळ्यांसमोर जे जे घडत आहे त्या सर्वाचे धावते वर्णन. त्याच्या मातोश्री त्याला नावाने हाक मारतात. आम्ही शेजारी मात्र त्याचा उल्लेख केवळ ‘चिरंजीव’ असा करतो, कारण हे प्रकरण लवकर आटोपणारे नाही याविषयी आमची आता खात्री पटलेली आहे.

गेल्या वर्षी आमच्या गृहरचना संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव चिटणीसांनी वाचावयास घेतला असता, मागच्या खुर्च्यांवरून खालच्या पट्टीत, परंतु अतिशय स्वच्छ उच्चारांत, पुढील शब्द ऐकू आले : “चिटणीस धाव घेताहेत... चष्मा सावरला... आणि हा आखूड टप्प्याचा ठराव! खजिनदारांनी बॅट आत घेतली, चेंडू सरळ यष्टिरक्षकाच्या हाती. काय वाटतं, सर?” एवढे विचारून चिरंजीवांनी मान उजवीकडून डावीकडे वळविली, हनुवटी छातीत रुतविली आणि पडसे झालेल्या एखाद्या वयोवृद्ध कसोटीवीराच्या घोगऱ्या आवाजात स्वतःच स्वतःला उत्तर दिले : “हे बघा, खजिनदारांवर दडपण आहे.” सभा तहकूब झाली. ठराव अद्याप दप्तरी दाखल आहे आणि टाकी गळते आहे.

हे ‘सर’ म्हणजे चिरंजीवांचे तज्ज्ञ सहकारी. त्यांना नाव नाही, रूप नाही आणि मतही एकच आहे. गच्चीवरच्या लग्नात नवरदेवाला मंगळसूत्राचा फासा काही केल्या लागेना, तेव्हा सरांना पृच्छा झाली आणि नवऱ्यावर दडपण असल्याचा निर्वाळा मिळाला. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या जिन्याच्या वळणावर क्षणभर थबकला, तेव्हाही दडपणच. दुधाची पिशवी फाटली, दडपण. मांजराची उडी चुकली, दडपण. एकदा डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा आवळून पारा वर चढविला आणि वरचा आकडा काही खाली येईना, त्या प्रसंगी सोबतीला म्हणून आलेल्या चिरंजीवांनी हनुवटी छातीत रुतविली मात्र, मी त्यांना नजरेनेच गप्प केले. वास्तविक सरांचे निदान त्या दिवशी वैद्यकशास्त्राला धरून झाले असते.

व्यावसायिक क्रीडेविषयी चिरंजीवांची मते अत्यंत ठाम असून त्यांचे आपसांत मुळीच पटत नाही. खेळाडूंचा लिलाव हा त्यांच्या मते आधुनिक युगातील एकमेव प्रामाणिक व्यवहार होय. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे भरलेल्या बाजारात लखनौच्या मालकांनी ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना उचलले, तेव्हा माणसे अशी विकली जावीत याबद्दल मी यथाशक्ती हळहळलो. त्यावर ते म्हणाले, “अहो काका, यात लाजायचं काय? माणसाची किंमत किती, हे चारचौघांत हातोडा आपटून सांगतात. तुमच्या कचेरीत कुणाला कळली होती का कधी?” माझी किंमत माझ्या कचेरीने निरोपसमारंभात भिंतीवरच्या एका घड्याळाच्या रूपाने जाहीर केलेली असल्यामुळे मी विषय वाढविला नाही.

परंतु हाच लिलावभक्त संघनिष्ठेच्या बाबतीत सोवळ्यातल्या आजीबाईंहून कडक. २०२४ च्या हंगामासाठी मुंबईचे कर्णधारपद रोहित शर्माकडून काढून गुजरातहून परत आणलेल्या हार्दिक पंड्याकडे सोपविण्यात आले आणि वानखेडेवर त्याची हुर्यो उडविली गेली. त्या हुर्योला पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावरून चिरंजीवांचा सक्रिय पाठिंबा होता. पुढे जूनच्या २९ तारखेला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे अखेरचे षटक त्याच पंड्याने टाकले, सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तो झेल घेतला, आपण ७ धावांनी जिंकलो, आणि त्या मध्यरात्री देवघरातला झेंडूचा हार पंड्याची मुद्रा दिसत असलेल्या टीव्हीला घातला गेला. सकाळी देव उघडे का, या मातोश्रींच्या सवालाला सरांनी परस्पर उत्तर दिले, ते वाचकांनी ओळखलेच असेल.

त्यांचा एक युक्तिवाद मात्र मला आजतागायत खोडून काढता आलेला नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे एकेका सामन्यामागे शंभर कोटींहून अधिक रक्कम, आणि तीही खेळण्यासाठी नव्हे, केवळ दाखविण्यासाठी. “तर मग काका,” चिरंजीव विचारतात, “मुख्य खेळ कोणता?” याला पूरक पुरावा म्हणून ते पुण्याच्याच केदार जाधवचे उदाहरण रुजू करतात. २०२३ च्या हंगामात केदार आयपीएलचे मराठी समालोचन करीत बसला असता बंगळूरचा एक खेळाडू दुखापतीने बाद झाला आणि समालोचकाच्या खुर्चीवरून उठवून केदारला संघात दाखल करून घेण्यात आले. जगाने यातून काय बोध घेतला मला ठाऊक नाही. चिरंजीवांनी माळ्यावरून पॅड खाली काढून त्यांना पांढरा रंग दिला.

समालोचनाचे शास्त्रोक्त शिक्षण घेण्यासाठी ते काही काळ एका प्रशिक्षणवर्गालाही जात असत. तेथे त्यांना असे सांगण्यात आले की, आकाशवाणीवर जे दिसत नाही ते सर्व सांगावे, आणि दूरदर्शनवर जे दिसते ते सांगू नये. या सूत्राचा पूर्वार्ध त्यांनी संपूर्ण आत्मसात केला. उरलेला अभ्यासक्रम त्यांनी पूर्वसूरींच्या चरित्रांतून स्वतःच तयार केला असून, मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे वर्णन दिवसभर एकहाती करणारे आणि सोबतीला आणखी माणसे बसविण्याचा घाट घातला जाताच ध्वनिक्षेपकाला रामराम ठोकणारे बॉबी तल्यारखान हे त्यांचे एक दैवत आहे. दुसरे दैवत बाळ ज. पंडित, स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले आणि मराठी घरांत क्रिकेट कानांवाटे पोहोचविणारे. सहकारी नको म्हणणाऱ्या तल्यारखानांचा हा भक्त अष्टौप्रहर सरांना बरोबर घेऊन का हिंडतो, असे मी एकदा विचारले. “सर मध्ये बोलत नाहीत ना, काका. विचारलं तरच बोलतात.” हा गुण हयात तज्ज्ञांत दुर्मीळ आहे, हे मला मान्य करावे लागले.

१९३८ साली इंग्लंडमधील कसोटी सामने ऑस्ट्रेलियात ऐकविताना तारांनी आलेल्या त्रोटक मजकुरावरून समालोचक सिडनीच्या खोलीत बसून वर्णन रचीत आणि लाकडावर पेन्सिल ठोकून बॅटचा आवाज काढीत, ही हकीकत वाचल्यापासून चिरंजीवांनी ध्वनिसंशोधनाचे एक पर्व आरंभिले. पेन्सिलीने समाधान होईना. पाटावर पळी आपटली तर केवळ बचावात्मक फटका ऐकू येई. कव्हर ड्राइव्हचा भरीव, गोल नाद अखेर सापडला तो शिसवी पोळपाटावर लाटण्याचे टोक तिरके मारण्यात. आणि षटकार मारावयास गेले तेव्हा पोळपाट मधोमध उभा चिरला. कबड्डीचे प्रकरण तर जिवावर बेतले असते. चढाई ३० सेकंदांची. चढाईपटू दम कोंडून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत असता समालोचकाने मात्र खुशाल श्वास घ्यावा हा नैतिक अधःपात आहे, असे ठरवून चिरंजीवांनी एका दमात संपूर्ण चढाई वर्णावयाचा परिपाठ सुरू केला. तिसऱ्या, म्हणजे करा किंवा मरा चढाईत ते निदान रेषेपाशीच निळे पडले. त्या वेळी सरांनाही बोलवेना.

आता हे लिहावयाचे नव्हते, पण विषय निघालाच आहे. शाळेच्या संघात या मुलाची वर्णी कधी लागली नाही. चष्म्याचा आकडा मोठा, पाय सपाट; तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्याच्या हाती गुणपुस्तिका दिली, आणि इतर मुले खेळत असता हा झाडाखाली बसून प्रत्येक चेंडूमागे एकेक टिंब मांडीत राहिला. ती पुस्तके त्याने जपून ठेवली आहेत. कोणाच्याही स्मरणात नसलेल्या आंतरशालेय सामन्यातला कोणताही चेंडू विचारा, तो सांगतो. तो सांगतो म्हणूनच तो चेंडू पडला होता, नाहीतर कोण साक्ष देणार?

एकदा वीज गेली म्हणून आम्ही काही मंडळी गच्चीवर बसलो होतो, तेव्हा त्याने भाऊसाहेब निंबाळकरांची खेळी काढली. डिसेंबर १९४८, पुणे, काठेवाडविरुद्ध महाराष्ट्र. ४ बाद ८२६, आणि निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम केवळ नऊ धावांवर आलेला असता विश्रांतीच्या वेळी काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला व संघ घेऊन ते चालते झाले. निंबाळकर पुन्हा फलंदाजीला उतरले नाहीत, आणि पुढे कसोटी सामना खेळण्याचे भाग्यही त्यांच्या वाट्याला आले नाही. हे सारे मला ठाऊक होते. चिरंजीवांनी मात्र विश्रांतीनंतरचा खेळ सुरू केला. काठेवाडचा संघ मैदानात परतला. उन्हे तिरपी झाली होती. गोलंदाज बदलला गेला. दोन धावा. निर्धाव चेंडू. मिडविकेटकडे चौकार. कोणी हसले नाही. ४४९ वर त्याने सवयीने मान वळविली, “काय वाटतं, सर?” आणि सर पहिल्यांदाच वेगळे बोलले : “काही दडपण नाही. खेळू द्या त्यांना.” निंबाळकरांनी दहावी धाव घेतली तेव्हा आमच्या खजिनदारांनी टाळ्या वाजविल्या, ही गोष्ट मी त्यांच्या परवानगीवाचून येथे नमूद करीत आहे.

असो. या मुलाला ध्वनिक्षेपक खरोखरीचा मिळाला तो रायगड जिल्ह्यातील एका गावी, भातकापणी झालेल्या शेतात भरलेल्या टेनिस चेंडूच्या स्पर्धेत. वडिलांना रजा नसल्यामुळे पालक म्हणून माझी तैनात झाली होती. नेहमीच्या समालोचकाचा घसा बसला होता. मांडवात पाऊल ठेवताच चिरंजीवांच्या हाती चिठ्ठ्यांचा गठ्ठा पडला : अमुक दादांकडून षटकाराला ५०० रुपये, तमुक शेठकडून झेलाला २००, आणि सरपंचांच्या आगमनाबद्दल हार्दिक स्वागत. चिठ्ठी हाती आली की चेंडू पडो न पडो, नाव वाचले गेलेच पाहिजे. टीव्हीवरही प्रत्येक षटकाराला कोण्या कंपनीचे नाव चिकटलेले असते. येथे देणगीदार समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत असतो, हाच काय तो अधिक प्रामाणिकपणा. प्रशिक्षणवर्गात जे महिनोन्‌महिने उमगले नाही ते चिरंजीवांना त्या दुपारी उमगले : दोन चिठ्ठ्यांच्या मधल्या फटीत चेंडू, फटका आणि झेल बसवावयाचा असेल तर मोजकेच बोलावे लागते. तरीही त्या फटीत त्यांनी सरांना जागा करून दिली, आणि दिवसभरात गावातल्या यच्चयावत गोलंदाजांवर दडपण आले.

बक्षीससमारंभात मालिकावीराला मोटारसायकल दिल्यानंतर समालोचकांचा सत्कार पुकारला गेला, तेव्हा शाली दोन होत्या व नारळही दोन. कर्ण्यावरून दिवसभर दोन आवाज ऐकलेल्या आयोजकांनी हिशेब चोख ठेवला होता. चिरंजीवांनी मला कोपराने ढोसले : “काका, जा की. सरांचं नाव पुकारलंय.” मी गेलो. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, “तुम्ही कमी बोलता, पण नेमकं बोलता.” शाल मी ठेवून घेतली आहे, नारळ मात्र दुसऱ्याच दिवशी चिरंजीवांच्या मातोश्रींच्या हवाली केला, पोळपाटाच्या नुकसानभरपाईदाखल.