रात्रपाळीतला पायलट

बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उडायला लागली आणि सीमाभागातल्या घरांत एक नवा हिशेब सुरू झाला. पोरगी बारावी सायन्सला आहे, फिजिक्स-मॅथ्स बरं आहे, मग पायलट का नको? नको असं मी म्हणणार नाही. बेळगाव-निपाणीच्या पोरापोरींनी जरूर विमान चालवावं. पण शिकून झाल्यावर नोकरी कुठल्या अटींवर मिळणार, हा प्रश्न फी भरायच्या आधी विचारायचा असतो, आणि तोच कुणी विचारत नाही.

२०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच विमानतळांवर उड्डाण प्रशिक्षण संस्थांना जागा दिली. बेळगावला रेडबर्ड आणि संवर्धने या दोन संस्था मिळाल्या. ३० मे २०२३ ला रेडबर्डचं शिकाऊ विमान होनिहाळजवळच्या शेतात उतरवावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच संस्थेची दोन विमानं चार दिवसांत बारामती भागात कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, तिचं प्रशिक्षण काही काळ बंद केलं. एवढं तर पालकांनी वाचलेलं असतं. त्यापुढचं वाचलेलं नसतं.

व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, २०० तासांचं उड्डाण लागतं. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. एवढ्यावर बोइंगमध्ये कुणी बसवत नाही. जे विमान चालवायचं त्याचं टाइप रेटिंग वेगळं, त्याचे लाख वेगळे. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३०,००० पायलट लागतील, असं केंद्रीय विमान वाहतूक मंत्री सांगतात. लागतील. पण बँकेचा हप्ता पंधरा वर्षं वाट बघत नाही. परवाना कपाटात आणि अर्ज दहा ठिकाणी, अशा अवस्थेत एखाद्या कंपनीचा फोन आला, तर तो मुलगा करारपत्र वाचत बसणार आहे का? तो सही करतो. बॉन्ड किती वर्षांचा, सोडलं तर किती लाख भरायचे, हे त्याला नंतर कळतं.

सोडायचं म्हटलं तरी दार जड आहे. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरने सहा महिने आणि कमांडरने एक वर्ष आधी नोटीस द्यायची. कंपन्यांची बाजू मला मान्य आहे. प्रशिक्षणाला पैसा लागतो, आणि २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ पायलट अचानक गेले तेव्हा विमानं रद्द झाली, प्रवासी अडकले, कंपनीला कोर्टात जावं लागलं. असं होऊ नये. पण जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, तेव्हा तिच्या कुठल्या पायलटला वर्षभर आधी नोटीस मिळाली होती? त्याआधीचे कित्येक पगारही थकले होते. नोटिशीचा हा नियम एकाच बाजूला बांधतो, आणि मला तो अन्यायाचा वाटतो.

आता मालवाहू विमानांकडे येतो, कारण तिथे तर कुणाचं लक्षच जात नाही. प्रवासी विमान उशिरा आलं की शंभर लोक मोबाईल काढून ओरडतात. खोकी ओरडत नाहीत. ब्लू डार्टची विमानं १९९६ पासून उडतायत. जानेवारी २०२३ मध्ये अॅमेझॉनने बेंगळुरूच्या क्विकजेटबरोबर स्वतःची हवाई सेवा सुरू केली. कॅप्टन गोपीनाथांची डेक्कन ३६० तर २००९ मध्ये नागपूर मध्यवर्ती ठेवून निघाली होती आणि काही वर्षांतच थांबली. या धंद्याचं मुख्य काम रात्रीचं. संध्याकाळी कुरियरवाल्याकडे दिलेलं पाकीट सकाळी दिल्लीत पोचतं, ते मधली रात्र कुणीतरी जागून काढतं म्हणून.

ही जागरणं काय करतात ते अमेरिकेने पाहिलंय. २००९ मध्ये बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडलं, त्यानंतर तिथे पायलटच्या विश्रांतीचे नियम कडक झाले. डिसेंबर २०११ मध्ये ते जाहीर झाले आणि मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं गेलं. कारण सरळ सांगितलं होतं: फायद्यापेक्षा खर्च जास्त. १४ ऑगस्ट २०१३ ला पहाटेपूर्वी यूपीएसचं मालवाहू एअरबस अलाबामातल्या बर्मिंगहॅमला उतरताना टेकडीवर आदळलं. दोन्ही पायलट गेले. चौकशीत चुका निघाल्या आणि त्यांच्यामागच्या कारणांत थकवाही निघाला. कॉकपिटचं ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा कळलं की हे दोघे उड्डाणाआधी याच विषयावर बोलत होते. प्रवासी नेणाऱ्यांना एक नियम आणि आपल्याला दुसरा का, असं त्यांचं म्हणणं होतं. यूपीएसच्या पायलट संघटनेने सवलतीविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती. सवलत तरीही राहिली.

आपल्याकडे डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नियम सुधारले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली. रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची आणि त्या वेळेत सहाऐवजी दोनच लँडिंग करायची. चांगले नियम. ते लागू व्हावेत म्हणून पायलट संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२५ मध्ये जुलै व नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत ते आले. पुढचं सगळ्यांनी पाहिलं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. तयारीला जवळपास दोन वर्षं होती, पायलट पुरेसे नव्हते, आणि तोडगा म्हणून डीजीसीएने कंपनीला फेब्रुवारीपर्यंत रात्रीच्या नियमांतून सूट दिली. माणसं न भरणाऱ्याची चूक आणि झोप कापली गेली पायलटची! प्रवासी कंपनीसाठी एवढ्या सहज वाकणारा नियम उद्या खोकी नेणाऱ्या पायलटसाठी किती ताठ उभा राहील?

पायलटला कामगार म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. गणवेश, चार पट्ट्या, लाखांचा पगार, हा कसला कामगार? २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने औद्योगिक विवाद कायद्याखाली पायलटला कामगार ठरवलं, कारण काम कौशल्याचं आणि तांत्रिक आहे. पगार किती हा मुद्दाच नव्हता. निपाणीने हसू नये. १९८० मध्ये इथल्या वखारीत तंबाखू मळणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांनी काम थांबवलं, तेव्हाही लोक हसले असतील. चिकोडी तालुका कामगार महासंघ त्याच लढ्याच्या काळातला, आणि युगांतर या गटाने त्या बायकांवर १९८२ मध्ये चित्रपट केला. मजुरी वेगळी होती, कष्ट कितीतरी जास्त होते. पण एकटीने मालकासमोर उभं राहायचं आणि सगळ्यांनी मिळून उभं राहायचं, यातला फरक त्यांना त्या वखारीत कळला.

सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजने संघटना बांधणाऱ्या दोन पायलटना काढलं. शेकडो पायलट आजारपणाची रजा टाकून घरी बसले. चार-पाच दिवसांत त्या दोघांना परत घ्यावं लागलं. प्रवाशांचे हाल झाले, हे खरंच. पण त्या दोघांना परत आणण्याचा दुसरा कुठला रस्ता उघडा होता? आता तोही अरुंद झालाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तरी तो संप धरला जातो, आणि संपाला आधी नोटीस लागते.

तेव्हा सांबऱ्याला मुलगी-मुलगा पाठवणाऱ्या घरांना माझी विनंती आहे. संस्थेच्या विमानांची संख्या विचारता, तशी मागच्या तीन तुकड्यांतल्या किती जणांना नोकरी लागली हे लेखी मागा. कंपनीचं पत्र आलं की सही करण्याआधी बॉन्ड बेळगावच्या एखाद्या कामगार वकिलाला दाखवा. त्याची फी टाइप रेटिंगच्या मानाने काहीच नाही. आणि पहिल्या पगारातून पायलट संघटनेची वर्गणी भरायला सांगा.

सांबरा बेळगाव लोकसभेत येतं, निपाणी चिकोडीत. जगदीश शेट्टर आणि प्रियांका जारकीहोळी या दोन्ही खासदारांनी लोकसभेत विचारावं: विश्रांतीच्या नियमांतून आजवर कुठल्या कंपन्यांना, किती दिवस सूट दिली? त्यात मालवाहू किती? आणि कंपनीने पायलटला काढताना वर्षभराची नोटीस द्यावी, असा नियम डीजीसीए कधी करणार?