कापड-कागद स्पर्शपरीक्षा: नांदेड-लातूरकरांसाठी मार्गदर्शिका

लग्नसराईत लातूरच्या गंजगोलाईत 16 पैकी कुठल्याही रस्त्याने शिरा, नाहीतर नांदेडच्या वजिराबादेत जा. कापडाचा निकाल बोटांनीच द्यायचा असतो. परीक्षार्थींनी पुढील क्रम पाळावा.

1. मुद्रा. पदर अंगठा-तर्जनीत धरावा आणि तोंड वाकडे करावे. साडी आवडल्याचे तोंडावर दिसले की भाव हलत नाही.

2. खळ. कापड चोळावे. पांढरी भुकटी पडली तर कडकपणा सुताचा नव्हे, खळीचा. दुकानदार म्हणेल, "मावशी, कापडाला अंग बघा." आपण विचारावे, "धुतल्यावर ऱ्हातंय का?"

3. मूठ. कापड मुठीत आवळून सोडावे. सुती असेल तर चुण्या पडतात, पॉलिएस्टर जसेच्या तसे उलगडते. चुण्या पडल्यास "इस्त्री कोण करावं?" म्हणावे, न पडल्यास "प्लास्टिक हाय." दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण.

4. आहेर. इथे कापड नव्हे, नाते तपासायचे असते. विहिणीला तलम, नणंदेला मऊसूत. मागच्या लग्नात जिने विरविरीत साडी दिली, तिला "टिकाऊ". आपल्याला आलेल्या साडीच्या घडीवर बोट फिरवावे. रेघ खोल लागली तर ती तीन घरे हिंडून आली आहे. चौथे घर शोधावे.

5. कागद. पत्रिका जाड आणि अक्षरे उठावदार असतील तर आहेराचे पाकीट त्याच मापाने भरावे. लातूरच्या क्लासच्या नोट्सचा कागद मात्र चाचपू नये. तिथे जाडी फीला असते. नोटांचे तसे नाही. आपल्या चलनी नोटेचा कागद कापसाचा असतो. म्हणजे कापूस विकून कापूसच घरी येतो, आणि पेरणीआधी तोही विरतो.

6. अपवाद. तिरंग्याची खादी. उदगीरला ती विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे राष्ट्रध्वज होतात. इथे मावशींचे मत विचारत नाहीत. सुताची संख्या, वजन, ताकद, रंगाचा पक्केपणा, सगळे मानकात ठरलेले. दोरीकडची पट्टीसुद्धा वेगळ्या जाड कापडाची.

30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिएस्टरलाही जागा मिळाली. तेव्हापासून ऑगस्टात याच दोन जिल्ह्यांच्या चौकांत सुळसुळीत झेंडे मिळतात, आणि साडीच्या पदराला तासभर छळणारी बोटे झेंडा न चाचपता पिशवीत टाकतात. परीक्षा खरी इथे द्यायची. मूठ नको, झेंड्याचा मान राखावा, अंगठा-तर्जनी पुरे. हाताला थोडे खरखरीत लागले, तर कापड आपल्याकडचे असू शकते. तेवढ्यापुरता भाव करू नये.